देवाचं रताळं

“कलर बघ गे, कलर!”

असं म्हणत अक्का उकडलेलं रताळं मधोमध मोडायची आणि दोन्ही तुकडे तुमच्या नाकासमोर धरायची. तुम्ही फोनवर असा, कामात असा, नाही तर तोंडात घास असो, तिला त्याचं सोयरसुतक नसे. तुम्ही बघितल्याशिवाय ती हात खाली घेत नसे. आतला गर झेंडूच्या फुलासारखा केशरी असायचा. बाहेरून ते रताळं आणि बाजारातलं नेहमीचं रताळं यांत काडीचाही फरक नव्हता. दोघांची साल तीच लालसर, दोघांना माती तीच. फरक सगळा आत, म्हणून मोडून दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

“बघितला बाई कलर,” मी वैतागून म्हणायचे. “आता हे पान टाइप करू दे मला.”

“सेरी, बरं, कर. आधी खा.”

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. एकच गोष्ट घेऊन सगळ्या जगाच्या मागे लागलेलं, आणि आपण त्याला टाळायला जिना बदलतो असं. मी तर तिला टाळायला दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसले होते. तिथेही ती पिशवी घेऊन आली.

आमचं ऑफिस एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत होतं. खेड्यांतल्या मुलांचं कुपोषण कमी व्हावं म्हणून काम करणारी लहानशी संस्था. मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याची रेल्वेत इकडे तामिळ मुलखात बदली झाली आणि पेरांबूरच्या क्वार्टरमध्ये भिंतींशी गप्पा मारायचा कंटाळा आला म्हणून मी टायपिंगची नोकरी धरली. नव्या शतकाची ती पहिली वर्षं. तिकडे सिरुसेरीला कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि आमच्या ऑफिसातला पंखा फिरवायला काठीने ढकलावा लागत होता.

पहिल्याच दिवशी मागून आवाज आला, “जेवण जाहलं काय गे?” मी दचकून वळले. शब्द मराठी, चाल सगळी तामिळ. साधी सुती साडी, रबरी चप्पल, काखेत छत्री, हातात कापडी पिशवी, पन्नाशी उलटलेली बाई. ती तंजावरकडच्या मराठी घरातली. तिची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. आता ती माम्बलमला भावाच्या घरी राहायची. लग्न केलेलं नव्हतं. तिचं मराठी ऐकून मला हसू यायचं. ती म्हणायची, “हस गे. तुमची मराठी म्हणजे कायम भांडण चालल्यागत.” माझ्यापुरतं ते खरंच होतं.

सोवळी किती, तर ऑफिसात कुणी उकडलेल्या अंड्याचा डबा उघडला की ती पिशवी उचलून जिन्यात जाऊन बसायची. कुणाला बोलायची नाही, नाकाला पदर लावून वास जाईपर्यंत बसून राहायची. मी मटण खाणाऱ्या घरातली. मी मुद्दाम विचारायचे, “अक्का, माझ्या शेजारी बसलीस तर विटाळ नाही ना होणार?” ती म्हणायची, “तुझ्या डब्याचा होतो गे, तुझा नाही.”

तिचं काम तिरुवळ्ळूरच्या पलीकडच्या एका वाडीत. तिथल्या पोरांना दिवस कलला की दिसेनासं व्हायचं. तामिळमध्ये त्याला संध्याकाळचा डोळा म्हणतात. पोटात जीवनसत्त्व नाही, त्यामुळे आधी संध्याकाळ जाते, आणि तसंच राहिलं तर पुढे डोळाच जातो. केशरी रताळ्यात नेमकं तेच जीवनसत्त्व. दर उन्हाळ्यात वेलाचे तुकडे जगवायचे, पाऊस आला की लावायचे, खणून काढायचे आणि पोरांना घालायचे. इतकं सोपं होतं सगळं. अक्काला तर वाटायचं, आता फक्त लोकांनी बघायचंच बाकी आहे.

ऑफिसात बसून माणूस आंबतं, असं म्हणून एकदा ती मला ओढून वाडीत घेऊन गेली. पिशवी दिसताच पोरं धावत आली. अक्का रताळं मोडायची, हात उंच करायची आणि विचारायची, “कलर?” सगळ्यांच्या आधी एक खणखणीत आवाज यायचा, “आरंजु!” ती सेल्वी. वाडीतल्या मुनियम्माची मुलगी, अजून शाळेत न जाणारी, केसांना तेल नाही, गुडघे फुटलेले. गुडघे का फुटलेले ते दिवेलागणीला कळलं. शेळी बांधलेली दोरी तिला दिसली नाही आणि ती तोंडावर पडली. रडलीही नाही, सवयीचंच झालं होतं तिला. अक्काने तिला उचललं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “अस्कं गाव राहू दे. हिचे डोळे मज पाहिजेत.” अस्कं म्हणजे सगळं. त्या दिवसापासून तिचं सगळं काम म्हणजे सेल्वीचे डोळे, हे मला कळून चुकलं.

पण वाडीतल्या बाया ऐकतील तर शपथ. रताळं? ते गरिबाचं खाणं, भात नसला की खायचं. वायू होतो. शेजारीण बघेल तर म्हणेल, यांच्या घरात तांदूळ संपला. अक्काने दिलेले वेल त्यांनी शेळ्यांना घातले. पोरांच्या हातात ती रताळं ठेवायची आणि तिची पाठ वळली की आया ते काढून घ्यायच्या. हसतमुखाने हं, भांडण नाही, तंटा नाही. “अम्मा, कॉफी घेणार?” असं विचारत विचारत.

एका एकादशीला मी ऑफिसात डबा उघडला. रताळ्याचा कीस होता. मटण खाणारी असले तरी एकादशी करते मी, आमच्याकडे दोन्ही चालतं. अक्का बघतच राहिली. मग टाळी वाजवून उभी राहिली.

“आमची आजी एकादशीस हेंच खाई गे! हे तर देवाच्या दिवसाचं!”

पुढच्या खेपेला तिने वाडीत बायांना गोळा केलं आणि सांगितलं, “आमच्या लोकांत उपासाला भात चालत नाही, पण हे चालतं.”

मुनियम्माने डोळे मोठे केले. “भात चालत नाही, आणि हे चालतं?”

“हे चालतं.”

झालं. जे बोलून बोलून घसा फोडून झालं नव्हतं ते एका वाक्यात झालं. ज्या रताळ्यापुढे भात बाजूला होतो ते गरिबाचं कसं असेल? त्या पावसात वाडीतल्या प्रत्येक अंगणात वेल पसरले. आमचे साहेब पाहुण्यांना घेऊन गेले. गळ्यात हार पडले, फोटो निघाले. अक्का सेल्वीला कडेवर घेऊन मधोमध उभी होती, आणि फोटोवाल्याने सांगूनही तिला तोंड मिटता येईना, इतकी हसत होती. त्या आठवड्यात तिने सगळ्या ऑफिसला फिल्टर कॉफी पाजली. मीही तिला टाळणं सोडून दिलं.

नंतर काही महिन्यांनी मी पुन्हा तिच्याबरोबर गेले. दिवस मावळत होता. सेल्वी धावत आली आणि त्याच दोरीला अडकून पडली.

अक्काचा चेहरा उतरला. तिने तिला जवळ घेऊन विचारलं, “किळंगु खातेस ना गं?” किळंगु म्हणजे कंद, रताळं. पोरीने दोन्ही हात जोडले आणि शहाण्यासारखी म्हणाली, “ते सामीचं.” सामी म्हणजे देव.

आम्ही आत गेलो. कोनाड्यात मुरुगनच्या तसबिरीपुढे पितळी ताट होतं. त्यात उकडून पुसून ठेवलेली रताळी, प्रत्येकाला हळद, प्रत्येकाला कुंकू. मुनियम्मा कौतुकाने दाखवत होती. मुरुगनच्या, कृत्तिकेच्या उपासाला घरातल्या मोठ्या बाया आंघोळ करून त्यातलं खातात, बाकी देवापुढे.

“आणि पोरं?” अक्काने विचारलं.

“पोरं उपास करतात का अम्मा? उष्ट्या तोंडाची, कुठेही हात घालणारी. मोठी झाली की खातील.”

घरोघर हेच. अक्का प्रत्येक दारात गेली. प्रत्येक घरात ताट, हळद, कुंकू, आणि ताटाकडे हात जोडून बघणारी पोरं. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. आमच्याकडे उपासाचं रताळं म्हणजे पोरांची चंगळ असते. उपास आईचा आणि कीस सगळा पोरांच्या पोटात. हे वेगळं सांगावं लागेल असं अक्काच्या मनातही आलं नव्हतं. कोणाच्या आलं असतं?

परतीच्या गाडीत तिने पिशवीचा बंद सोडला आणि पुन्हा बांधला. मग म्हणाली, “मीच गे देवास दिलं. आता देवाकडून परत कसं आणू?”

तिने सगळं करून बघितलं. देव रागवत नाही, असं सांगितलं. पोरं हाच देव, असं सांगितलं. बाया हसायच्या. “अम्मा, तुम्हीच तर सांगितलंत.” एकदा तिने ताटातलं रताळं उचलून सेल्वीच्या हातात दिलं, तर पोरगीच घाबरून रडायला लागली आणि परत नेऊन ठेवून आली. अक्काने हात टेकले. निदान मला तसं वाटलं.

मग एका दुपारी मी बरोबर असताना तिने जे केलं ते मी अजून विसरलेले नाही. मुनियम्माच्या चुलीवर करुवाडाचं कालवण रटरटत होतं. करुवाड म्हणजे आपला सुका बोंबील वगैरे, खारवलेली मासळी. वास अंगणभर. अक्का आत गेली, कोनाड्यातलं रताळं उचललं, अंगणात आली आणि सगळ्या बायांसमोर पान पुढे केलं. “वाढ,” ती म्हणाली.

“काय वाढू, अम्मा?”

“ते. चुलीवरचं.”

मी तिचा हात धरला. “अक्का, वेड लागलंय का तुला?”

“देवाचं असतं तर मासळीबरोबर खाल्लं असतं काय मी?” ती मोठ्याने म्हणाली, बायांना ऐकू जावं म्हणून. “बघा. हे नुसतं खाणं आहे. भातासारखं. मिठासारखं. कोणत्याही दिवशी, कशाबरोबरही, कुणीही खावं.”

अंड्याच्या वासाने जिन्यात जाऊन बसणारी ती बाई मांडी घालून बसली आणि मासळीच्या कालवणात कालवलेलं रताळं खाऊ लागली. गिळताना डोळ्यांतून पाणी येत होतं, तोंडावर पदर धरत होती, पण थांबली नाही. पान पुसून खाल्लं. मग झोपडीमागे जाऊन ओकली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

आम्ही परत अंगणात आलो तेव्हा कुणी हसत नव्हतं. मुनियम्मा हलक्या आवाजात म्हणाली, “अम्मा, तुम्हाला काय झालंय? बरं नाही का?” एक म्हातारी उठली आणि ओट्यावर वाळत टाकलेली रताळी पदरात गोळा करून आत घेऊन गेली, अक्काचा हात लागू नये म्हणून. तिच्यामागून दुसरी उठली. रताळ्याचं देवपण जागच्या जागी राहिलं. अक्काचं मात्र गेलं.

माम्बलमला घरी जाऊन तिने स्वतःच सगळं सांगितलं. लपवणं तिला जमायचंच नाही. भावजयीने आदळआपट केली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून अक्काचं ताट-भांडं मागच्या दारी आलं आणि स्वयंपाकघराचा उंबरा बंद झाला. मी म्हणाले, “चल, मी येते, तुझ्या भावजयीची चांगली हजेरी घेते.” ती म्हणाली, “नक्को गे. तिचं घर, तिची चूल. मज फक्त सेल्वीचं बघू दे.”

उन्हाळा लागला आणि वाडीत गोवर आला. तिकडे गोवर म्हणजे अम्मा येते, देवी. दाराला कडुनिंब बांधतात, घरात फोडणी देत नाहीत, घरची माणसं तेवढे दिवस मासमच्छी सोडतात आणि ती खाणाऱ्याने उंबरा ओलांडायचा नाही. सेल्वीला आल्याचं कळलं तशी अक्का निघाली. तिचा चेहरा बघून मीही निघाले.

दारात कडुनिंबाचे डहाळे होते. मुनियम्मा हात आडवा करून उभी राहिली.

“आत नको, अम्मा.”

“मी लांबून बघते.”

“तुम्ही सामीचं मासळीला लावून खाल्लंत. सगळ्यांनी बघितलंय. आता घरात देवी आहे.”

मला आत पाठवण्यात अर्थच नव्हता, मटणाचं मी तिथे हसत हसत सांगितलेलं होतं. आम्ही दारातूनच आत बघितलं. पोर कडुनिंबाच्या पाल्यावर निजलेली, डोळे चिकटून मिटलेले. उशाशी समई. आणि समईपुढे ते पितळी ताट, हळद-कुंकू लावलेल्या रताळ्यांनी भरलेलं. तिने नुसता हात लांब केला असता तरी लागलं असतं.

“एक घास,” अक्का म्हणाली. “मुनियम्मा, एक घास कुस्करून तिच्या तोंडात घाल. डोळे जातील तिचे.”

“देवीच्या ताटातलं उचलू? आजच?”

“मी पाया पडते तुझ्या.”

आणि खरंच पडली. मुनियम्मा मागे सरकली आणि रडायला लागली. ती बाई दुष्ट नव्हती हो, तीही पोरीच्या डोळ्यांसाठीच देवीला धरून बसली होती. औषधाचा चमचा घेऊन सरकारी नर्स आली, तिलाही तिने उंबऱ्याबाहेरून परत पाठवलं. अक्का अंगणात चिंचेखाली बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही जाऊन बसली, त्यानंतरही. मला ऑफिसला जावं लागे. ती जायची, बसायची आणि दाराकडे बघत राहायची.

देवी उतरल्याचं न्हाणं झालं आणि सेल्वीने डोळे उघडले, तेव्हा बुबुळांवर सायीसारखं पांढरं आलं होतं. मग मात्र मुनियम्मा स्वतःच तिला उचलून शहरात घेऊन आली. डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितली आणि आधी का आणलं नाही, एवढंच विचारलं. दोन्ही डोळे गेले होते. अक्का भिंतीला टेकून उभी होती. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

वाडीत बोललं गेलं, देवाच्या कंदाला मासळी लावली, म्हणून देवी कोपली. लोकांनी वेल उपटून बांधावर फेकले. ते तिथेच वाळले. आमच्या साहेबांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, आता या भागात कोंबड्यांचा प्रकल्प घेऊन बघू. अक्काने ऑफिस सोडलं. जाताना तिची पिशवी रिकामी होती. कलर बघ असं ती त्या काळात एकदाही म्हणाली नाही, आणि आम्हा सगळ्यांना टाळायला काही उरलं नाही.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. मागच्या दारीच्या खोलीत. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे येते ती त्याआधीच्या संक्रांतीची, पोंगलची अक्का. अचानक माझ्या क्वार्टरच्या दारात उभी.

“तुझी चूल घेऊ काय गे थोडी? माझ्याकडे नाही.”

सेंट्रल स्टेशनबाहेरच्या टोपलीवालीकडून तिने रताळी आणली होती. लालसर साल, ओली माती. मी उकडायला ठेवली. म्हटलं, “एक मोडून बघू या का, आत कसं आहे?”

“नक्को,” ती घाईने म्हणाली. “तिथेच मोडू.”

आम्ही वाडीत गेलो. मुनियम्माने या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. रताळ्याला आता कुणी हात जोडत नव्हतं आणि कुणी ताटातही ठेवत नव्हतं. ते पुन्हा गरिबाचं झालं होतं, कोणीही खावं असं. सेल्वी ओट्यावर बसली होती, केसांना तेल, फ्रॉक नवा. अक्का तिच्यापुढे बसली आणि पिशवीचा बंद सोडला. वास पोहोचला असावा. पोरीने मान वर केली.

अक्काने रताळं मधोमध मोडलं. जुन्या सवयीने दोन्ही तुकडे तिच्या चेहऱ्यासमोर धरले, तोंड उघडलं आणि तशीच राहिली. मी बघितलं. आत गर पांढराफटक होता.

“आरंजु!” सेल्वी ओरडली. तसाच खणखणीत आवाज.

अक्काने हात खाली घेतले नाहीत.

“होय गं बाळे,” ती म्हणाली. “आरंजु.”

मग तिने साल काढली, फुंकर घातली आणि घास तिच्या तोंडात दिला.